माशाच्या पेटीतले टोमॅटो

2023च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा मी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी जाहीर केलं, की यंदा घरचेच टोमॅटो खायचे. आते माजघरातून म्हणाली, "आमसुलां कमी पडली काय गो तुका?"

खरंच होतं तिचं. परड्यात रातांबा, विहिरीजवळ बिंबल, वाटेवर चिंच. ज्या घरात आंबट झाडावरूनच गळतं, तिथे घाटावरून येणाऱ्या पाहुण्याची एवढी बडदास्त कशाला? पण हौसेला मोल नसतं.

पाऊस सरल्यावर परड्यात आठ रोपं लावली. कमरेएवढी झाली, आणि एका दुपारी त्यातलं एक मान टाकून उभं. पानं हिरवीगार, पाणी भरपूर, तरी झाड मेलेलं. आठवड्यात आठही गेली. शेजारच्या भाजीवाल्या काकांनी खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद धरला. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले. "मर रोग," ते म्हणाले. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात, आणि आमची उबदार, ओलसर, आम्लधर्मी माती म्हणजे त्यांचं माहेरच. औषध मारून उपयोग नाही.

मग माती बदलायची, म्हणजे जमीन सोडायची. मासळीबाजारातून थर्माकोलच्या चार पेट्या आणल्या. बर्फाचं पाणी होऊ न देणारी पेटी मुळांनाही उन्हाची झळ लागू देत नाही. तळाला भोकं पाडली, नारळाच्या सोडणांचा भुसा, कुजलेलं शेण आणि विकतची माती भरली. पेट्या तीनदा धुतल्या होत्या, तरी मांजराला काही पटलं नाही. महिनाभर ते रोपांच्या बुडाशी बसून बांगड्याची वाट पाहत होतं.

फुलं आली, पिवळी, मान खाली घातलेली. टोमॅटोचं फूल स्वतःपुरतं असतं, पण पराग पुंकेसरांच्या नळीत कोंडलेला. हादरा बसल्याशिवाय सांडत नाही. भुंगा गुणगुणत फुलाला लटकला की काम होतं, साध्या मधमाशीला ते जमत नाही. मी रोज सकाळी दांड्याला टिचकी मारायचे. नखावर पिवळी धूळ बसली की उगाच कर्तबगार वाटायचं.

मध्येच चार दिवस सावंतवाडीला लग्नाला गेले. परतले तर पहिल्या फळांची बुडं काळी, चामड्यासारखी. रोग नव्हे, माझी गैरहजेरी. पाणी कधी तुंबलेलं, कधी गायब, म्हणजे फळापर्यंत चुना पोचत नाही. तिसऱ्यांची शिंपलं कांडून घातली, पण ती काय उद्या विरघळणार? रोज सकाळी एक तांब्या, न चुकता, हाच खरा उपाय ठरला. पुढची फळं निकोप निघाली.

फेब्रुवारीत पहिले चार लाल झाले. वानरांच्या आधी उतरवले, हे विशेष. एक चिरला, मीठ भुरभुरवलं, आतेपुढे बशी ठेवली. तिने सावकाश चावलं, बी जिभेवर घोळवली.

"बरो आसा," ती म्हणाली. "पण आंबट खंय?"