लॅम्बो फील्डवर फावडं घेऊन

बर्फ उपसायला बोलावणं येतं हे मला ग्रीन बेमधल्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं. स्थानिक टीव्हीवर हवामान सांगून झाल्यावर निवेदिकेने जाता जाता जाहीर केलं, उद्या पहाटे सहा वाजता लॅम्बो फील्डवर काहीशे माणसं हवीत, फावडी तिथे मिळतील, जो आधी येईल त्याला काम, तासाला दहा डॉलर. मला वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडलं. ज्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघातला एकेक खेळाडू कोट्यवधी कमावतो, त्याचं स्टेडियम साफ करायला गावाला हाक?

दुसऱ्या दिवशी पेपर मिलमध्ये मी हे विचारलं तर आमचा शिफ्टमधला म्हातारा फिटर हसला. म्हणाला, "हाक नाही मारली तर लोक भांडायला येतील."

ग्रीन बे हे विस्कॉन्सिनमधलं कागद गिरण्यांचं गाव. लोकसंख्या एक लाख सात हजारांच्या आसपास आणि स्टेडियमची क्षमता 81,441. म्हणजे सगळं गाव आत बसवलं तर चारातला एकच जण बाहेर राहील. एवढ्याशा गावात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, संघ टिकला कसा, याचं उत्तर असं की तो कुणा एका शेठचा नाही. 1919 मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने आपल्या कंपनीकडून जर्सीसाठी पैसे मागून संघ उभा केला. कंपनीचं नाव इंडियन पॅकिंग कंपनी. ते वाचून मी उगाच सुखावलो होतो. पण तो धंदा डबाबंद मांसाचा होता आणि त्यातल्या 'इंडियन'चा आपल्याशी काही संबंध नव्हता. पुढे पैशांची चणचण झाली तेव्हा, 1923 मध्ये, लोकांनाच शेअर विकले. मग 1935, 1950, 1997, 2011 आणि 2021. आज भागधारक पाच लाखांच्या वर आहेत. शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, तिकिटाच्या रांगेत पुढे जायलाही त्याचा उपयोग नाही. आमच्या फिटरने 2011 साली अडीचशे डॉलर मोजून एक घेतला आणि फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला. त्याच्या घरी गेलं की आधी तो दाखवतो, मग कॉफी विचारतो.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. तालमीच्या संघासाठी पेठेत वर्गणी फिरते, शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी दुकानं ओस पडतात, हे बघतच वाढलो. त्यामुळे फिटरचं बोलणं मला पटकन कळलं. तरी मी बर्फ उपसायला गेलो नाही, कारण जाताच येत नव्हतं. माझा व्हिसा मिलच्या नोकरीवर होता. त्यावर दुसरीकडून दहा डॉलरही घ्यायचे नसतात. पैसे नको, नुसतं काम करतो, असं म्हणून बघितलं, तर वकील म्हणाला की ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट करणंही अंगाशी येऊ शकतं. म्हणजे श्रमदानालाही परवाना! चार हिवाळे मी ते निवेदन टीव्हीवर ऐकलं आणि घरासमोरचा बर्फ काढत बसलो.

ग्रीन कार्ड ऑक्टोबरात आलं. लोक त्यानंतर नोकरी बदलतात, घर घेतात. मी बर्फाची वाट बघत बसलो.

डिसेंबरात एका शुक्रवारी रात्रभर पडला आणि निवेदन आलं. सहाला बोलावलंय म्हणजे पावणेसहाला पोचू, हा हिशोब कोल्हापुरी निघाला. लोम्बार्डी अव्हेन्यूवर गाडी लावून गेटपाशी गेलो, तर रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस हात आडवा करून सांगत होता, भरलं, पुढच्या वेळी या. माझ्या मागून आलेली एक बाई तर रडवेली झाली. मी घरी आलो तेव्हा बायको अजून झोपेतून उठायची होती. "झालं एवढ्यात?" तिने विचारलं. मी काही न बोलता चहा टाकला.

सोमवारी फिटरने माझी हजेरी घेतली. किती वाजता गेलास? पावणेसहा? अरे, आम्ही साडेचारला असतो. आणि घातलं काय होतंस? जीन्स! त्याने कपाळाला हात लावला. मग मला रीतसर पाठ मिळाला. सुती काही नको, अगदी बनियनसुद्धा नाही. घाम आला की सुती कपडा भिजतो आणि थांबलास की तोच बर्फ होतो. आत लोकरीचं, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं. मोजे एक जोडी, जाड. दोन घातले तर बूट आवळतो आणि बोटं आधी गारठतात. हातमोजे मात्र दोन जोड्या, कारण पहिली ओली होणारच. आणि सकाळी भरपेट खाऊन ये.

तीन आठवड्यांनी पुन्हा योग आला. रविवारी दुपारी सामना, शनिवारी पहाटे बोलावणं. बायकोने चार वाजता उठून पोहे केले. आईला फोनवर आदल्या दिवशी सांगून बसलो होतो, ती म्हणाली, "एवढं शिकून परदेशात बर्फ उपसायला चाललास होय रे?" आई, इथे डॉक्टर-वकीलही जातात, म्हटलं. "त्यांना जाऊ दे," ती म्हणाली, "तू कानाला बांधून जा."

साडेचारला माझ्या पुढे शंभरएक माणसं होती. पारा उणे चौदा सेल्सियस. रांगेत कुणी कुरकुरत नव्हतं. शेंगा खात एसटीची वाट बघणाऱ्यांसारखा निवांतपणा. पुढे एक आजोबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात, मागे चर्चच्या गटातली पाच-सहा पोरं, ती मिळालेली मजुरी सहलीच्या निधीत टाकणार होती. आजोबांना सीझन तिकिटाबद्दल विचारलं. ते म्हणाले, वडिलांनी नाव घातलं होतं, तिकीट माझ्या हातात आलं. इथली सीझन तिकिटं 1960 पासून प्रत्येक वर्षी पूर्ण विकली गेली आहेत. प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं. लोक बाळाचं नाव ठेवलं की यादीत घालतात आणि मृत्युपत्रात तिकिटं कुणाला ते लिहून जातात. आपल्याकडे आंब्याच्या झाडावरून जेवढे वाद होतात तेवढे इथे पन्नास यार्डाच्या रेषेसमोरच्या दोन जागांवरून होत असावेत.

गेट उघडलं, नावं लिहून घेतली, हातात फावडं आलं. हे आपलं खोरं नव्हे. प्लास्टिकचं, रुंद, सुपाएवढं पसरट आणि हलकं. बोगद्यासारख्या वाटेने आत गेलो आणि मी थांबलोच. सगळा वाडगा पांढरा. बाक कुठला, पायरी कुठली, काही कळत नव्हतं. फक्त मध्ये मैदान, त्यावर ताडपत्री. त्या मैदानाच्या पोटात गरम द्रवाच्या नळ्या आहेत, म्हणून माती गोठत नाही. प्रेक्षकांच्या पोटात तसलं काही नसतं. 31 डिसेंबर 1967 ला इथे डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला तेव्हा उणे पंचवीस सेल्सियस होतं. जमिनीखालची तापवायची यंत्रणा त्याच दिवशी बंद पडली आणि मैदानाची काच झाली. पॅकर्स 21-17 ने जिंकले, शेवटच्या काही सेकंदांत त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला. आजोबा त्या दिवशी इथे होते म्हणाले. नातीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. गावातल्या त्या वयाच्या प्रत्येक माणसाने मला हेच सांगितलं आहे, आणि स्टेडियम तेव्हा पन्नास हजारांचं होतं.

आता काम. पायऱ्यांवरून खालपर्यंत लांबच लांब पन्हाळ्या टाकलेल्या असतात, मुलांच्या घसरगुंडीसारख्या. आपण आपल्या ओळीतला बर्फ ढकलत ढकलत पायऱ्यांपाशी आणायचा आणि पन्हाळीत लोटायचा. तो सूं करत खाली जातो, मैदानाच्या कडेला ढीग होतो, आणि आमच्या जेसीबीसारखी यंत्रं तो उचलून बाहेर नेतात. ऐकायला सोपं. पण लॅम्बोच्या खालच्या भागात खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचे सरळ बाक आहेत, आणि दोन बाकांमध्ये माणसाचे गुडघे मावतील एवढीच जागा. फावडं आडवं होत नाही. तिरकं धरून पुढे रेटायचं. पहिल्या दहा मिनिटांत मी ते बाकाखालच्या बोल्टात अडकवून पोटात दांडा मारून घेतला. नंतर उचलून खालच्या ओळीत टाकायला लागलो, तर खालून आरोळी आली, "अरे, ती ओळ आमची झाली आहे!"

शेवटी त्या नातीने दाखवलं. उचलायचं नाही, ढकलायचं. दांडा खाली, गुडघे वाकवून, वजन अंगाचं. आधी बाकावरचा बर्फ हाताच्या फटकाऱ्याने खाली पाडायचा आणि मग पायाखालच्या पट्टीवरून एका दमात न्यायचा, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे घट्ट बसतो. जमायला लागलं तशी गंमत वाटू लागली. फावडं खरडत गेलं की धातूवरचे जागांचे आकडे एकेक करून वर यायचे. 14, 15, 16. उद्या इथे कोण बसणार? कुणाच्या तरी बापाने तीस वर्षं वाट बघून मिळवलेली पंधरा नंबरची जागा माझ्या फावड्याखालून निघत होती. 17 वर गोठलेला पातळ थर होता, तो काही केल्या निघेना. टाचेने फोडला.

नवाच्या सुमाराला पाठ बोलू लागली. मोजे कोरडे, पण हातमोज्यांची पहिली जोडी भिजून कडक झाली होती. दुसरी काढली आणि मनातल्या मनात फिटरला नमस्कार केला. चर्चची पोरं पन्हाळीतून स्वतःच घसरायच्या बेतात होती, त्यांना कुणीतरी दटावलं. आजोबा थांबले नाहीत. मी म्हटलं, जरा बसा की. ते म्हणाले, "माझ्याकडे शेअर आहेत. मालकाने बसून कसं चालेल?"

दहाच्या पुढे आमचा भाग मोकळा झाला. फावडी परत केली, पुन्हा रांग, आणि हातात रोख रक्कम. चार तासांचे चाळीस डॉलर. भिजलेल्या हातमोज्यांची जोडी पस्तीसची होती, आणि येताना मी बायकोसाठी चीज कर्ड्स घेतले, म्हणजे हिशोब बरोबर जमला. रात्री कमरेला बाम चोळताना तिने विचारलं, की उन्हाळ्यात बेसबॉलच्या रॉकर्सकडे गवत कापायला पण जाणार का. मी म्हटलं, तिथे तिकीट मिळतं.

रविवारी टीव्हीसमोर बसलो. मला सामन्यातलं अजून सगळं कळत नाही. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, लाथ मारायची की धावायचं यावर मी फिटरच्या चेहऱ्यावरून मत बनवतो. त्या दिवशी मात्र मी खेळाडूंकडे बघतच नव्हतो. कॅमेरा गोलपोस्टमागे गेला की उठून पडद्याजवळ जायचो. एकदा दिसला आमचा भाग, दोन सेकंद. डोक्यावर चीजच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या घातलेली माणसं उभी राहून ओरडत होती, वरून पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. "तो बघ, तो सतरा नंबर!" मी ओरडलो. बायको म्हणाली, "सगळे उभेच आहेत, तुझा सतरा दिसणार कुठून?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रतीक्षायादीचा अर्ज भरला. माझ्या नावाने नाही, मुलीच्या. ती तेव्हा पाच वर्षांची होती.