तुम्ही विचारलंत म्हणून: पालिका पोलीस-बंबांना देते तरी किती?

नगरपालिकेच्या लेखा विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे निवृत्त झालो तरी बजेटाचे दिवस आले की लोक मला गाठतातच. प्रश्न ठरलेला असतो: "काका, घरपट्टी वाढवली, मग पोलीस आणि बंब का वाढत नाहीत? पालिका त्यांना देते तरी किती?"

छदामही नाही. गोव्यात पोलीस गृह खात्याचे, आणि अग्निशामक दल पणजीतल्या सांत इनेजच्या संचालनालयाचं. दोघांचे पगार, डिझेल, गणवेश, सगळं राज्याच्या तिजोरीतून. पोलीस तर घटनेनेच राज्याच्या यादीत टाकलेत. आगीचं मात्र जरा वेगळं आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. पालिकांकडे सोपवता येतील अशी १८ कामं तिच्यात आहेत, त्यांत अग्निशमनही आहे. मुंबई-पुण्यात बंब महापालिकेचेच, त्यामुळे तिकडून आलेला पाहुणा हटकून म्हणतो, "मग तुमच्या पालिकेने का घेऊ नयेत?"

घेऊच नयेत. बंब चोवीस तास तयार हवा. गाडीवर पाच-सहा माणसं धरा, पाळ्या तीन, वर साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा. एका गाडीमागे वीसेक माणसं झाली, आणि आग लागो न लागो, एक तारखेला पगार हवाच. सफाई कामगारांच्या पगारासाठी अनुदानाकडे डोळे लावून बसणाऱ्या पालिकेने हे ओझं कुठून उचलायचं? शिवाय आग मोठी असली की शेजारच्या केंद्रांतले बंब मागवावे लागतात. आज सगळे एकाच खात्याचे, म्हणून एका फोनवर निघतात. उद्या तेरा पालिकांचे तेरा मालक झाले की आधी पत्रव्यवहार सुरू होईल.

म्हणून पालिका सुटली असं नाही. बंबाचा खर्च राज्य करतं, पण त्याला काम किती पडणार आणि तो वेळेवर पोचणार का, हे बरंचसं पालिकाच ठरवते.

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत बाजारात जाऊन बघा. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेऊन बसलेल्यांच्या ताडपत्र्या समोरासमोरच्या दुकानांच्या शटरांना बांधलेल्या. दोरी इतकी खाली की उंच माणसाने मान वाकवूनच जावं, आणि त्याच दोरीला आंबाडे आणि सुपारीचे घोस लटकवलेले. खालून सोपोवाला, म्हणजे पालिकेचा बाजारकर गोळा करणारा, पावत्या फाडत जातो. तो सोपो जमेच्या बाजूला दिसतो. त्या गल्लीत बंब शिरणार नाही, याला मात्र आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

कचऱ्याचं तेच. मडगावचा सोनसोडोचा कचऱ्याचा डोंगर २०१९ साली पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. कचऱ्यावर प्रक्रिया करायची जबाबदारी पालिकेची, पाणी मारत बसले ते राज्याचे जवान.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ जण गेले, तेव्हाही वाट अरुंद म्हणून बंब लांबच थांबवावे लागले. ती हद्द पंचायतीची. पण परवाना एकाने द्यायचा आणि आग दुसऱ्याने विझवायची, ही वाटणी तिथेही तीच.

पोलिसांचं काय, म्हणाल. गाडे हटवायचे ठरले की पालिका बंदोबस्त मागते. बंदोबस्त मिळाला नाही की मोहीम पुढे ढकलली जाते, आणि मिळाला तरी कुणा वजनदार माणसाचा फोन येतो. यात पैशांची तूट मला कधी दिसली नाही.

तेव्हा नगरसेवकाला गाठलंत तर बंब किती वाढवणार हे विचारू नका, त्याच्या हातात ते नाहीच. बाजारातली कुठली गल्ली मोकळी ठेवणार आणि कुणाचा परवाना अडवणार, ते विचारा. मी आमच्या वॉर्डातल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, चतुर्थी होऊ दे, मग बघू."