मुक्ताईकडे चालताना : माघवारीतली माणसं

बाहेरगावच्या माणसाला वारी म्हटलं की आषाढी आठवते. आमच्या मुक्ताईची पालखीही ज्येष्ठात कोथळीहून पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांत तिचा पल्ला मोठा, महिन्याहून जास्त दिवसांची चाल. पण यावल-रावेर पट्ट्यातल्या कष्टकऱ्याला त्या दिवसांत एवढं घर सोडता येत नाही. पेरणी तोंडावर असते, आणि एका वादळात उभी केळी आडवी होईल ही धास्ती वेगळीच. त्याची वारी माघातली. माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगरला मुक्ताईचं दर्शन, महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. कपाशी उपटून झालेली असते, गहू अजून कापणीला यायचा असतो, तेवढ्या फटीत चार-सहा दिवस काढता येतात. खान्देशातून, वऱ्हाडातून, बऱ्हाणपूरकडून दिंड्या येतात. आमची दिंडी फैजपूरजवळच्या एका लहान गावातली. बायकाच जास्त, आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या.

यंदा निघताना मन जड होतं. पावसाळ्यात आमच्या केळीत सीएमव्ही हा विषाणूचा रोग शिरला. कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा उमटतात, पान वेडंवाकडं होतं, पोंगा सडतो. मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्यावर औषध नाही. रोप उपटून गाडायचं, एवढंच हातात. आम्ही नवरा-बायकोने आपल्या हाताने बाग उपटली. रोपांचे, ठिबकचे पैसे डोक्यावर तसेच राहिले. ह्यांनी बोलणंच टाकलं होतं. शेवटी सासूबाईंनी माझी पिशवी भरून दारात ठेवली. म्हणाल्या, "जाय तू. घराचं मी पाह्यते. बसून बसून काय होईन?"

पहाटे टाळ वाजले आणि आम्ही निघालो. पुढे पताका, मग वीणा, मग तुळशीवाल्या बाया. माघातली थंडी अंगाला झोंबत होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधूनच उपटलेली रिकामी रानं. रिकामं रान आलं की मी मान खाली घालून चालायची. माझ्यापुढे एक सासू-सून होत्या. सासूला सगळी दिंडी मोठी माय म्हणते. सत्तरीपुढची असेल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. तिचा उजवा हात सुनेच्या खांद्यावर आणि सुनेच्या डोक्यावर तुळस. रस्त्यात खड्डा आला की सून "डावं" किंवा "उजवं" एवढंच म्हणायची आणि म्हातारीचं पाऊल बरोबर तिकडे वळायचं.

मुलगा केळी भरायच्या टोळीत होता. खांद्यावर घड वाहून गाडी भरायची, रात्री त्याच गाडीवर बसून परत यायचं. अशाच एका रात्री गाडी उलटली. सून आता केळी धुऊन खोक्यांत भरायच्या कामाला जाते. हंगामात दिवसभर हात पाण्यात. बोटांची कातडी पांढरी पडून सोलते, ती मी जवळून पाहिली. दोन लेकरं आहेत, ती चार दिवस तिच्या आईकडे ठेवली होती. लोकांनी तिला माहेरी जा म्हणून सांगितलं. मोठ्या मायने तर स्वतः सोयरीक पाहिली होती. सुनेने काय उत्तर दिलं ते मोठी मायच मला सांगत होती आणि सून पुढे चालत सगळं ऐकत होती. "मले म्हने, जाईन तं माईले घेऊनच जाईन. तसा भेटला तं सांग."

बाईने असंच राहावं असं मी म्हणणार नाही. तिला मन लागलं तर तिने खुशाल संसार मांडावा, मोठ्या मायलाही तेच वाटतं. पण त्या दोघींनी एकमेकींना ज्या पद्धतीने धरलंय ते मी आयुष्यात विसरणार नाही.

दुपारी बामणोद. इथली भरताची वांगी अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे कोणाला नवल वाटलं नव्हतं. गावकऱ्यांनी वावरातच कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली होती. हिरवी, लांबट, मोठी वांगी; साल काळी पडून फुटली की आतला गर वाफाळत दिसतो. साल काढून गर लाकडी बडजीत टाकायचा, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून मुसळीने ठेचायचा, वर कांद्याची पात. सोबत कळण्याच्या भाकरी. वाढणारे सगळे शेतकरीच. त्यातल्या एकाला मी विचारलं, यंदा वांग्याला काय भाव? तो म्हणाला, "भाव नई ताई. तोडाईची मजुरीबी नई निंगत. म्हनून काय आल्या-गेल्याले खाऊ नई घालाचं?" आणि माझ्या पत्रावळीत आणखी एक डाव भरीत घातलं.

तापीच्या पुलावर दिंडी थांबली. बायांनी हळदी-कुंकू वाहिलं, ओंजळी जोडल्या. वर हतनूर धरण, एक्केचाळीस दरवाजांचं. पावसाळ्यात ते उघडले की इथलं पाणी पाहवत नाही. माघात नदी शांत असते. मोठ्या मायने कठड्याला हात लावून नदीला विचारपूस केल्यासारखं काहीतरी पुटपुटलं आणि आम्ही भुसावळात शिरलो.

भुसावळच्या मुक्कामाला दिंडीतला एक जण निरोप घ्यायला आला. आमच्या दिंडीत पाण्याची जबाबदारी त्याची. ड्रम भरणं, उन्हात मागे राहिलेल्यांना तांब्या नेऊन देणं, सगळं तोच करतो. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. दुसऱ्या दिवशी तिची पाळी होती. रात्रीच्या गाडीने तो गेला, तिला दवाखान्यात नेलं, चार तास बसला, घरी पोचवली, तिच्यासाठी बेतशीर मीठ-पाण्याचं जेवण रांधून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरणगावच्या मुक्कामाला हजर. आल्या आल्या आधी ड्रम किती भरलाय ते पाहिलं. मग पिशवीतून एक पुडी काढून विणेकरीबाबांच्या हातात दिली. घरच्या कापसाच्या फुलवाती. बायकोला चालवत नाही, पण बसून वाती होतात. हाताला सुया टोचलेल्या असतात त्या दिवशी एका हाताने वळते म्हणाला. पुडीवर तिने पेनाने 'मुक्ताईसाठी' लिहिलं होतं.

भुसावळ ते वरणगाव ही चाल मला सगळ्यात अवघड गेली. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसायला लागतात आणि कितीही चाललं तरी तेवढ्याच लांब वाटतात. महामार्ग चौपदरी झाला. गाड्या सुसाट जातात, पण चालणाऱ्याला सावली उरली नाही. जुनी निंबाची झाडं रुंदीकरणात गेली. फेब्रुवारीतही दुपारी डांबर तापतं. चोपदार लाल फडकं हलवत कडेने चालतो, ट्रक अंगावरून गेल्यासारखा जातो, पताका फडफडून मोडते की काय असं वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी लिहायला लोक लाजतात, म्हणून मी लिहिते. वाटेवर बायकांना आडोसा नाही. आम्ही पहाटे तीनला उठायचो ते काकड्यासाठी आणि त्याहून जास्त अंधारासाठी. दिवसा कितीतरी बाया पाणीच पीत नाहीत, मग ऊन बाधतं, मग चक्कर. पाळी आलेल्या मुलींचे हाल तर विचारू नका. पहाटेच्या अंधारात मी मोठ्या मायला शेताच्या बांधावर उभी पाहिली. अंगावरची चादर दोन्ही हातांनी पसरून धरलेली. तिला स्वतःला धड दिसत नाही, पण सुनेला आडोसा म्हणून ती उभी होती, आणि सून आल्यावर तिने हाक मारली, "अजून कोनाले याचं असन तं या वं पोरीहो, मी हाये उभी." ओळीने आम्ही पाच-सहा जणी गेलो. हात भरून आले असतील, पण तिने चादर खाली केली नाही.

रात्री वरणगावला कीर्तन झालं. मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांवर. आईबापांनी देह ठेवलेला, गावाने वाळीत टाकलेलं, भीक मागायला गेलेल्या ज्ञानदेवाला कोणीतरी टोचून बोललेलं. तो खोपटाचं दार लावून बसला. आणि चौघांत धाकटी असलेली ही पोर दाराबाहेर उभी राहून त्याची समजूत काढते. दुसऱ्या कोणी काढायचं राहिलंच नव्हतं. पुढे चौदाशे वर्षं जगलेला म्हणतात तो चांगदेव याच पोरीला गुरू करतो. १२९७ साली तापीकाठी विजेच्या लोळात ती गुप्त झाली असं परंपरा सांगते. वय अठराच्या आसपास. मी लहानपणापासून ऐकलेली कथा. पण त्या रात्री मला सारखे हे आठवत होते, तोंड मिटून ओट्यावर बसलेले. कीर्तन सुटल्यावर मी घरी फोन लावला. बराच वेळ आम्ही बोललो. कर्जाचं नाही, बागेचं नाही. भरीत कसं होतं, पाय कितपत दुखतात, म्हशीने दूध किती दिलं. कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

फोन ठेवून वळले तर सून मोठ्या मायचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, एकीतून रक्त आलेलं. सुनेने चमच्यात मेणबत्तीचा तुकडा आणि खोबरेल घेऊन दिव्यावर पातळ केलं, आपल्या मनगटावर थेंब टाकून चटका बसत नाही ना ते पाहिलं आणि मग एकेका भेगेत सोडलं. वरून जुन्या लुगड्याची पट्टी. म्हातारी हुं की चूं करत नव्हती. तिने दुपारच्या फराळातलं एक केळं पदराला बांधून ठेवलं होतं, ते सोडून सुनेच्या हातावर ठेवलं. सून म्हणाली, "दिवसभर केळीच पाह्यते मी माय." "पाह्यते, खात नई," म्हातारी म्हणाली.

मी मोठ्या मायला विचारलं, एवढं चालून मुक्ताईला काय मागणार?

ती जवळजवळ रागावलीच. "मांगाले नई जात वं मी. मुक्ताई म्हंजे लेक. लेकीच्या घरी मायबाप मांगाले जातात का? काही घेऊनच जाव लागते." तिच्या गाठोड्यात खण होता, बांगड्या होत्या, घरचे तिळाचे लाडू होते.

दशमीला मुक्ताईनगर. जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबादच. एकादशीला कोथळीच्या जुन्या मंदिरात दर्शनाची रांग इतकी लांब की दुपार उलटली. गाभाऱ्यात डोळाभर पाहायला मिळतं न मिळतं तोवर पुढे सरकावं लागतं. मोठ्या मायला तेवढंही दिसलं नसणार. सुनेने तिचा हात धरून पायरीला लावला, खण-बांगड्या पुढे केल्या. म्हातारी मोठ्याने म्हणाली, "माय, बरी हायेस नं?" मागच्या रांगेतल्या बायांच्या डोळ्यांना पदर लागले. फुलवातींची पुडी विणेकरीबाबांनी पुजाऱ्यांकडे दिली. पाणीवाल्या भावाने तिचा फोटो काढून लगेच घरी पाठवला.

महाशिवरात्रीला चांगदेवचं काळ्या दगडाचं मंदिर, संगमावरची आंघोळ, तुडुंब गर्दी. मग परतीची एसटी. वरणगावला तो भाऊ पिशवी घेऊन उठला. भुसावळ ते वरणगाव चालायचं राहिलं होतं, ते उलट्या बाजूने चालून पुरं करायचं होतं. बायकोची डायलिसिसची पुढची पाळी दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजचाच दिवस हातात. कोणी त्याला अडवलं नाही. मोठ्या मायने उरलेले दोन लाडू दिले, एक त्याला, एक तिच्यासाठी, "डाक्टरले इचारून दे" अशी ताकीद देऊन.

आम्ही दोघं आता त्या रानात दुसरं पीक करणार आहोत, केळीला पुढच्या लागवडीला पाहू. माझं एक मागणं आहे, ते मुक्ताईकडे नाही, वाटेवरच्या गावांकडे. बामणोद, भुसावळ, वरणगाव, पुढे मुक्ताईनगरपर्यंत रस्त्यालगत शाळा आहेत, ग्रामपंचायती आहेत, मंगल कार्यालयं आहेत, पेट्रोल पंप आहेत. माघ वद्य अष्टमीपासून शिवरात्रीपर्यंत पहाटे तीन वाजल्यापासून त्यांच्या संडासांची कुलपं काढून ठेवा, आत पाणी ठेवा, बाहेर एक दिवा लावा. जेवण तुम्ही भरपूर घालता. एवढं केलंत तर बाया दिवसा पाणी पितील. आणि ज्यांना आमच्याबरोबर चालायचंय त्यांनी अंथरूण-पांघरूण, एक तांब्या आणि एक जाड चादर जास्तीची घेऊन यावं.