बंद दालनातला प्रतिसाद

मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. हजारो चेतापेशी एकाच वेळी सक्रिय झाल्या की डोक्याबाहेर जे क्षेत्र उमटते ते सुमारे १०० फेम्टोटेस्ला असते; पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या जवळपास ५० कोटी पट असते. इतके क्षीण क्षेत्र टिपणारे स्क्विड संवेदक द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विन तापमानाला ठेवावे लागतात, आणि ज्याचे मोजमाप घ्यायचे त्या माणसाला यंत्रासह म्यू-मेटल (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) व ॲल्युमिनियमच्या भिंतींच्या दालनात बसवावे लागते, नाहीतर इमारतीतली लिफ्ट हलली तरी नोंद बिघडते.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रात सारे आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक (त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो) एके दिवशी जो प्रस्ताव घेऊन आले, तो आमच्याकडे येणाऱ्या नेहमीच्या प्रस्तावांसारखा नव्हता. १९९४ साली मेक्सिकोतील शास्त्रज्ञ हाकोबो ग्रिनबर्ग-झिलबरबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा दावा केला होता की, काही काळ एकत्र ध्यान केलेल्या दोन व्यक्तींना वेगवेगळ्या बंद खोल्यांत बसवून एकीला प्रकाशाचे झोत दाखवले, तर दुसरीच्या मेंदूच्या विद्युत-आलेखातही त्याच क्षणांशी जुळणारा प्रतिसाद दिसतो. याचे स्पष्टीकरण त्यांनी पुंजयांत्रिकीतल्या (क्वांटम मेकॅनिक्समधल्या) गुंत्यात, म्हणजे दूर असूनही दोन कण एकमेकांशी जोडलेले राहण्यात, शोधले होते. सरांना हा प्रयोग आमच्या यंत्रावर करून पाहायचा होता.

माझे आक्षेप मी स्पष्टपणे मांडले. पुंजयांत्रिकीतल्या गुंत्याचा उपयोग करून संदेश पाठवता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. शिवाय भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली केलेल्या हिशेबानुसार मेंदूच्या उबदार आणि ओल्या परिसरात अशा नाजूक पुंज-अवस्था १०⁻¹³ सेकंदाहून अधिक टिकू शकत नाहीत, आणि मेंदूचे व्यवहार तर मिलिसेकंदांत चालतात. सरांनी यातला एकही मुद्दा नाकारला नाही. ते एवढेच म्हणाले, “स्पष्टीकरण चुकीचे आहे हे मलाही पटते. पण स्पष्टीकरण चुकले म्हणून निरीक्षणही चुकलेच असे होत नाही. ते आपण स्वतः तपासू शकतो, आणि तपासण्याचे साधन तुमच्याकडे आहे.” मग त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. कोणता निकाल आला तर आपण हा दावा सोडून देऊ, हे त्यावर त्यांनी मोजणीच्या आधीच सही करून लिहिले होते. झोत दाखवणे चालू असताना पाहणाऱ्याचे डोळे झाकले आणि तरीही दुसरीकडचा प्रतिसाद टिकून राहिला, तर तो प्रतिसाद मनाचा नाही, मांडणीचा आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. चाकोरीतले प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोडे जण असा कागद सोबत आणतात. माझा होकार त्या कागदाला होता.

मांडणी आम्ही काळजीपूर्वक केली. दिवा चालू-बंद करताना विजेचा जो धक्का बसतो तो संवेदकांपर्यंत पोहोचू नये म्हणून दिवा सतत पेटता ठेवला आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारे यांत्रिक शटर बसवले. वेळेची खूण प्रकाशीय तंतूतून नोंदयंत्राकडे नेली. झोतांमधले अंतर यादृच्छिक ठेवले. दोन विद्यार्थिनी रीतसर संमतिपत्र देऊन सहभागी झाल्या होत्या. त्यांच्यापैकी एक शटरसमोर बसली आणि दुसरी आमच्या बंद दालनात.

एका झोताचा प्रतिसाद नॉइजमध्ये बुडून जातो, म्हणून शेकडो वेळा तोच प्रसंग घडवून नोंदींची सरासरी काढावी लागते. शंभर नोंदींची सरासरी घेतली की नॉइज दहापट कमी होतो. या कामात बराच वेळ जातो, आणि त्या वेळात सर बोलत होते. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दोन अतिवाहकांमधल्या (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांमधल्या) पातळ विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आरपार जातील असे भाकीत केले, तेव्हा अतिवाहकतेच्या सिद्धांताचे जनक जॉन बार्डीन यांनीच त्याला विरोध केला होता. पुढच्याच वर्षी अँडरसन आणि रोवेल यांनी तो परिणाम प्रयोगात पाहिला, आणि १९७३ साली जोसेफसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्क्विडच्या गाभ्याशी आहे तो हाच जोसेफसन परिणाम. त्याच जोसेफसन यांनी पुढे केंब्रिजमध्ये मन आणि जडद्रव्य यांच्या संबंधाचा अभ्यास हाती घेतला आणि टेलिपथीसारखे विषय विचारात घ्यावेत असे उघडपणे म्हटल्यामुळे अनेक सहव्यावसायिकांची नाराजी ओढवून घेतली. सरांचे म्हणणे असे की, एकदा बरोबर ठरला म्हणून माणूस प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाही; पण त्याचा प्रश्न ऐकूनच घ्यायचा नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली, आणि ती मी तेव्हापासून नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. निक हर्बर्ट यांनी १९८२ साली प्रकाशाहून वेगवान संदेश पाठवण्याची एक योजना प्रसिद्ध केली. तिचे परीक्षण करणाऱ्या अॅशर पेरेस यांना ती चुकीची आहे हे कळले होते. तरीही नेमके कुठे चुकले हे शोधताना भौतिकशास्त्राला काही मिळेल असे वाटून त्यांनी ती छापण्याची शिफारस केली. दुसरे परीक्षक जिआनकार्लो गिरार्दी यांनी तिच्यातला दोष दाखवून ती नाकारा असे सांगितले होते. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात पुंज-अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही हे सिद्ध केले (हर्बर्ट यांची योजना अशाच प्रतीवर अवलंबून होती), आणि पुंज-गुप्तलेखनाची सुरक्षितता आज या प्रमेयावर उभी आहे. नकार देणारा आणि होकार देणारा, दोघांनीही आपापले काम चोख केले होते, असे मला वाटते. मात्र चूक ओळखूनही ती वाचण्याजोगी आहे असे म्हणायला विषयावर जी पकड लागते, ती क्वचितच कोणाकडे असते.

आणि मग पडद्यावर सरासरीचा आलेख स्थिरावला. बंद दालनातल्या मुलीच्या नोंदीत, झोतानंतर सुमारे १३० मिलिसेकंदांवर, एक स्पष्ट उंचवटा होता. खोलीत कोणी काही बोलले नाही. आमच्या तंत्रज्ञाने गणना पुन्हा केली. उंचवटा तिथेच होता.

सरांनी आनंद दाखवला नाही. त्यांनी डोक्यावरच्या क्षेत्राचा नकाशा मागितला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. पाहिलेल्या प्रकाशाचा प्रतिसाद डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्रावर उमटायला हवा होता; हा मात्र दोन्ही कानशिलांच्या बाजूला उमटला होता. “हे पाहणे नाही,” ते म्हणाले, “हे ऐकणे आहे. आणि ऐकण्याचा प्रतिसाद १०० मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. वरचे ३० कुठून आले?” हिशेब तिथल्या तिथे झाला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत तो दहाएक मीटर अंतर कापतो. शटरच्या खोलीपासून बंद दालनापर्यंत हवा खेळवणाऱ्या नळीची लांबी जवळपास तेवढीच भरत होती. विजेची वाट बंद केली होती, हवेची उघडी होती.

कागदावर लिहिलेली अट पाळायची होतीच. शटरसमोरच्या मुलीचे डोळे झाकले, तरी उंचवटा राहिला. तिला बाहेर पाठवून खुर्ची रिकामी ठेवली, तरीही राहिला. दालनातल्या मुलीच्या कानांत बोळे घातल्यावर मात्र तो नाहीसा झाला. नंतर शटर ध्वनिरोधक पेटीत ठेवून दोघींसह पूर्ण मोजणी केली, तेव्हा सरासरीत नॉइजखेरीज काही उरले नाही. सरांनी आपल्या कागदाच्या खाली निकाल लिहिला, तारीख घातली आणि दाव्यापुढे रेघ मारली. तो कागद नोंदवहीत इतर मोजण्यांच्या बरोबरीने लावलेला आहे.

पण त्या दिवशीचे काम तिथे संपले नाही. दालनातून बाहेर आलेल्या मुलीला सरांनी विचारले, “आत काही ऐकू येत होते का?” ती म्हणाली, “नाही सर, अगदी शांत होते.” त्यांनी प्रश्न बदलून पुन्हा विचारले: टकटक, खुट्ट, दूरवरचे काहीही? तिचे उत्तर तेच राहिले. लक्ष दुसरीकडे असतानाही श्रवणकेंद्र आवाजांना प्रतिसाद देते, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, त्यामुळे यात अद्भुत असे काही नव्हते. तरीही तिच्या मेंदूने शेकडो वेळा घेतलेली दखल आमच्या पडद्यावर होती आणि तिच्या स्वतःच्या अनुभवात तिचा मागमूस नव्हता. ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असणे, हा जाणिवेचा प्रश्न आहे, आणि तो आमच्या मोजपट्टीच्या टप्प्यात येतो. जाणीव हा भौतिकशास्त्राचा विषयच नाही असे म्हणणाऱ्यांना सर नेहमी विचारतात की, मग भौतिकशास्त्राची हद्द कुठे संपते ते दाखवा. त्या दिवशी मला तो प्रश्न प्रथमच व्यवहाराचा वाटला. दोन मनांमधल्या दुव्याचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाने, तो दुवा सापडला नाही म्हणून हात न झटकता, एकाच मनाच्या आतला तुटलेला दुवा समोर ठेवला होता.

परत जाण्यापूर्वी त्यांनी फळ्यावर नवीन मांडणी काढली. शटरच्या आवाजाऐवजी नियंत्रित ध्वनी वापरायचा, त्याची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवायची, ‘आता ऐकू आले’ असे सहभागी व्यक्ती कधी सांगते ते टिपायचे, आणि त्या उंबरठ्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या नोंदींमध्ये १०० मिलिसेकंदांनंतरच्या भागात काय बदलते ते पाहायचे. या विषयावर इतरांनी केलेले काम आधी वाचून काढा, असे त्यांनी मला बजावले आणि नव्या प्रस्तावासोबतही तसाच एक कागद मागितला. या वेळी त्यावर सही माझी आहे.