आवाजातली भोकं

गाणं ऐकताना हेडफोनमध्ये मधूनच येणाऱ्या त्या आवाजाला नेमकं काय म्हणायचं, इथपासूनच माझी अडचण होती. खरखर म्हणावं तर ती जुन्या रेडिओची. सतत चालणारी, गाण्याच्या मागे पसरलेली. करकर नव्या चपलांची. कुरकुर माणसांची. हा आवाज पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत तसा होता. एक तड, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम पाच-सात. मागे गाणं आपलं सुरळीत चाललेलं. शेवटी मी 'तडतड' हे नाव पक्कं केलं. दुखणं कुठलं हे सांगता आल्याशिवाय औषध तरी कसलं शोधणार?

लॅपटॉपचं हेडफोनचं भोक खिळखिळं झालं, म्हणून हे यूएसबी साउंड कार्ड घेतलं होतं. अंगठ्याएवढी डबी, हेडफोन आणि माइकसाठी दोन भोकं आणि उगाचच लुकलुकणारा एक निळा दिवा. लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सने ते लावल्या लावल्या ओळखलं. ड्रायव्हर शोधा, उतरवून घ्या, पुन्हा चालू करा, यातलं काहीच नाही. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचे नियम ठरलेले असल्यामुळे कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एकच ड्रायव्हर अशी असंख्य कार्डं सांभाळून घेतो. मी इतका खूश झालो की काही महिने त्या डबीकडे पुन्हा पाहिलंही नाही. मग केव्हातरी, गाणं ऐकता ऐकता दुसरं काम करायला लागलो, आणि तडतड सुरू झाली.

पहिला संशय अर्थातच दुसऱ्यांवर. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह आणि ही डबी एकाच हबवर दाटीवाटीने नांदत होती. डबी काढून थेट लॅपटॉपला लावली. तडतड कमी झाली, गेली नाही. मग चार्जर काढून पाहिला. चार्जरचा दोष असता तर सलग गुणगुण आली असती, अशी सुटी तडतड नव्हे, हे मला ठाऊक होतं, तरी काढलाच. हातात काढण्यासारखं काही असलं की माणूस ते काढून बघतो.

मग जुनं, नावाजलेलं औषध घेतलं. लिनक्सवर आवाजाची वाटणी करणारा प्रोग्राम म्हणजे पल्सऑडिओ. त्याच्या फाइलमध्ये जाऊन एका ओळीच्या शेवटी 'टीशेड बरोबर शून्य' असं लिहायचं, म्हणजे टायमरवर चालणारी त्याची आखणी बंद. वर्षानुवर्षं लोकांना याने गुण आलाय. मी लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, आणि पुढचा अर्धा तास मला तडतड कमी झाल्यासारखी चक्क वाटलीसुद्धा. नंतर आवाजाचं काम कोण बघतंय ते सांगणारी 'पॅक्टल इन्फो' ही आज्ञा सहज चालवून पाहिली तर सर्व्हरच्या नावापुढे लिहिलेलं: पल्सऑडिओ, आणि कंसात, पाइपवायरवर. म्हणजे पल्सऑडिओ माझ्या लॅपटॉपवरून केव्हाच निघून गेला होता. त्याच्या नावाने हाक मारली की त्याच्या जागी आलेला पाइपवायर 'ओ' देत होता, आणि मी रिकाम्या घराच्या दाराला तेल घालत बसलो होतो. लिनक्सवरच्या आवाजाचं हे असंच आहे. आधी ओएसएस, मग २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलपासून त्याच्या जागी आल्सा, त्यावर २००४ पासून पल्सऑडिओ, आणि २०१७ मध्ये जाहीर झालेला पाइपवायर, जो २०२१ च्या फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीपासून थेट मुख्य जागेवर बसला. भाडेकरू बदलत गेले, पत्रं मात्र जुन्याच नावाने येत राहिली.

तडतड म्हणजे काय, हे मला तोवर उलटं कळलं होतं. आवाजात काहीतरी नको ते मिसळतंय, असं मी समजत होतो. खरं तर काही मिसळत नसतं, गळत असतं. कार्डाला सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची तितकी मापं, हवे असतात आणि त्याचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. लॅपटॉपने पुढचा घास वेळेवर दिला नाही, तर त्या क्षणी कार्डापाशी वाजवायला काहीच नसतं. हेडफोनचा पडदा लाटेच्या उंचीवरून एकदम खाली येतो, आणि कानाला ऐकू येते तड. ती तड म्हणजे शांततेचं भोक. यूएसबीही इथे मदत करत नाही. पेनड्राइव्हवर फाइल जाताना एखादं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. आवाजाचं पाकीट हुकलं की हुकलंच. वेळ टळून गेल्यावर आलेला सूर वाजवायचा तरी कुठे?

मग पाइपवायरचं काम आकड्यांत दाखवणारं 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून बसलो. टर्मिनलभर आकडे सरसरत असतात, त्यात एका स्तंभाच्या डोक्यावर 'ईआरआर' लिहिलेलं, म्हणजे चुकांची मोजणी. गाणं लावलं, शेजारी चित्रांनी लगडलेलं एक भलंमोठं पान उघडलं आणि भराभर खाली सरकवलं. कानात तडतड, आणि त्याच वेळी ११२ चे ११९ झाले. इतके दिवस फक्त मला ऐकू येणाऱ्या गोष्टीला साक्षीदार मिळाला, याचा मला भलताच आनंद झाला. मग नजर डावीकडच्या 'क्वांट'वर, म्हणजे क्वांटमवर, एका घासाच्या मापावर गेली. तिथे ६४ होते. पाइपवायर कोणी छेडलं नाही तर एका घासाला १०२४ नमुने घेतो, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंदांची बेगमी. ६४ म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. एवढ्या हातातोंडाच्या गाठीवर पान सरकवण्याचा झटका कसा सोसणार?

हे ६४ घातले कोणी?

मीच. घरच्या फोल्डरात, पाइपवायरच्या सेटिंगांमध्ये, माझ्याच हातची एक छोटी फाइल निघाली: कमाल क्वांटम ६४. फाइलचं नाव 'तात्पुरतं'. ही डबी घेतली तेव्हा माइकमध्ये बोलताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा नाद लागला होता, आणि तो मागून आल्यासारखा वाटायचा. तेही खरंच आहे. २१ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सात मीटर जातो, म्हणजे आपण बोलायचं इथे आणि ऐकायचं खोलीच्या पार पलीकडून. ६४ वर आणलं की तेच अंतर दीड फुटावर येतं. नाद आठवडाभरात सुटला. फाइल राहिली.

ती पुसली, पाइपवायर पुन्हा सुरू केला, 'क्वांट' १०२४ वर आलं आणि 'ईआरआर' जागच्या जागी बसलं. भलंमोठं पान वर-खाली कितीही सरकवलं तरी ढिम्म. गाणं थांबवून परत लावताना एक 'फट्ट' यायची ती निराळी. पाच सेकंद काही वाजलं नाही की कार्डाला झोपवायची व्यवस्था असते आणि स्वस्तातलं कार्ड दचकून उठतं. झोपण्याची ती मुदत शून्य केली, म्हणजे झोपच बंद. निळा दिवा आता अखंड जळतो.

त्या रात्री दिवे घालवून ऐकायला बसलो. ऐकायला म्हणजे, शेजारी 'पीडब्ल्यू-टॉप' उघडं ठेवून. जुन्या तबकडीवरून कोणीतरी उतरवून घेतलेलं गाणं लावलं होतं. दुसऱ्या मिनिटाला तड. मी ताडकन उठून बसलो. पुन्हा तड, पुन्हा तड, अगदी मोजून-मापून, पाऊण सेकंदाच्या अंतराने. पडद्यावर मात्र चुका शून्य. गाणं मागे नेलं, तर तीच जागा आणि तेच अंतर. सहा वेळा वाजली आणि थांबली. मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणजे एका फेरीला पाऊण सेकंदाहून जराशी जास्त. कोणाच्या तरी हातून कधीकाळी त्या तबकडीवर ओरखडा उठला होता आणि सुई दर फेरीला त्याच्यावरून जात होती.

टर्मिनल बंद केलं. गाणं पहिल्यापासून लावलं आणि त्या सहा तडींची वाट बघत पडून राहिलो.