१ जानेवारी २०१२

लॅपटॉपचा काळा पडदा, त्यावर एकच पांढरी ओळ: 'ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड'. मागे बाबा उभे. "गेला का रे?"

हार्ड डिस्कच गेली, असं मीही धरून चाललो होतो. आईचे सगळे जुने फोटो त्यात. जीव मुठीत धरून बायोस (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडलं, तर डिस्क दिसत होती की! तारीख मात्र १ जानेवारी २०१२.

"अरे, याला आज कुठला दिवस तेच ठाऊक नाही," बाबा म्हणाले.

तिथेच माझी ट्यूब पेटली. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सीआर२०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, आकारावरूनच नाव. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि सेटिंग जपायची, एवढंच त्याचं काम. तो गेला आणि बूट मोड, म्हणजे लॅपटॉप सुरू व्हायची पद्धत, जुन्या लेगसीवरून पुन्हा नव्या यूईएफआयवर. विंडोज ७ मी लेगसीत टाकलेलं, मग सापडणार कसं?

मोड बदलला, तारीख घातली, सुरू! नवा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. (सकाळी रिपेअरवाल्याने न उघडताच "नवीन घ्या" सांगितलं होतं. असो.)

बाबा खुशीत फोटो बघत बसलेत. मला मात्र त्यांचं ते वाक्य सोडत नाहीये. गेल्या आठवड्यात त्यांना वार आठवेना, तेव्हा मी केवढा खेकसलो होतो त्यांच्यावर. आणि आज या डबड्यापुढे तासभर शांत बसलो.

तुमचंही असं होतं का?