तुम्ही विचारलंत म्हणून: गोधड्या विकत का नाही?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघून होते, नेवऱ्या खाऊन होतात, मग कुणीतरी आतल्या खोलीत जरा आडवं व्हायला जातं आणि पाच मिनिटांत गोधडी हातात घेऊनच बाहेर येतं. "वहिनी, ही तुम्ही केलीत? हातानं? मग विकत का नाही?" पुण्याकडचे पाहुणे तर भावही सांगून टाकतात. मी हसते आणि चहाचं आधण ठेवते. यंदा भाचीच्या मैत्रिणीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि माझ्या हसण्यानं तिचं समाधान झालं नाही हे तिच्या तोंडावर दिसलं, म्हणून लिहायला बसले.

आधी हिशेब, कारण नवऱ्याला हिशेबाची खोड आहे. एका पावसाळी दुपारी त्यानं टेप आणून माझी गोधडी मोजली. सात फूट लांब, पाच फूट रुंद. दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे पाऊण इंच. कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत फिरत गेलं तर धावदोऱ्याची लांबी भरते ५६० फूट. इंचाला तीन टाके धरले तर २०,१६०. मिनिटाला दहा टाके पडले तरी तेहतीस-चौतीस तास. यात ठिगळं जुळवणं, दोऱ्याला मेण लावणं, सुई हरवली म्हणून अख्खं घर हलवणं हे काही धरलेलं नाही. "तासाला किती लावशील?" असं म्हणून त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. मी म्हटलं, तू आधी उठ, माझ्या कापडावर बसलायस.

कापड म्हणजे इथे साडी. गोव्यात आम्ही साडीला कापडच म्हणतो. गोधडीला हवं ते वापरून वापरून मऊ झालेलं सुती कापड. नव्या सुतीत खळ असते, सुई अडते, अंगुस्तान घालूनही बोट दुखतं. नायलॉन तर जवळही नको: थर एकमेकांवरून घसरतात आणि पांघरलं की अंगाला चिकटतं. आतले थर वाटेल त्या रंगाचे चालतात. जुने पंचे, फाटलेली उशीची खोळ, नवऱ्याचा काखेत विरलेला शर्ट. वर काय दिसायचं ते मात्र मी आठवडाभर जमिनीवर मांडून ठेवते. येताजाता दोन ठिगळांची अदलाबदल करते. सगळ्यांत आनंदाचे दिवस हेच. टाके घालणं नंतर, मिरगाचा पाऊस लागला की. जून ते चवथ.

धुणं मे महिन्यात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट दिशांना पीळ भरायचा, मग तिच्यातून असं पाणी निघतं की वाटावं आतमध्ये विहीर होती. आमच्याकडे एक गोधडी आहे तिच्यावर जांभळे डाग आहेत. मेमध्ये तिच्यावर सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातली होती आणि अवेळी सर आली. भिंडांचा, म्हणजे कोकमांचा, रस सुताला धरला की जात नाही. ती गोधडी कुणाला दाखवत नाही, पण झोपायला सगळ्यांना तीच हवी असते.

विकण्यात कमीपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही, हेही सांगून टाकते. आमच्या डिचोलीचे कुंभार मडकी विकतात, कुंकळ्ळीचे चितारी लाकडी पाळणे आणि पाट लाखेनं रंगवून विकतात, त्यावर त्यांची घरं चालतात. हातानं केलेलं फुकट द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कुंभाराच्या भट्टीजवळ दुपारी उभं राहावं.

आणि खरं उत्तर असं की मी विकल्या होत्या. सहा. म्हणजे करायला घेतल्या सहा, विकल्या गेल्या पाच.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं लोखंडाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. डिचोली-साखळीकडच्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. खनिज वाहायला आमचा एक ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. तो दाराशी उभा राहिला आणि हप्ता मात्र चालत राहिला. किनाऱ्याकडच्या एका दुकानातून नणंदेनं ओळख काढली. परदेशी गिऱ्हाईक येतं, नाताळाच्या आधी सहा गोधड्या द्या, म्हणाले. मी हो म्हटलं. तीन महिन्यांत सहा! नवऱ्याच्या हिशेबानं दोनशे तास. पण तेव्हा त्यानं पेन्सिल काढली नाही.

पहिली अडचण कपड्यांची. सहा गोधड्यांचं जुनं सुती एका घरात कुठून असणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बायका बसतात, तिथून आणलं. घरी येऊन सगळं उकळत्या पाण्यात घातलं. मग एकेक उलगडायला बसले तर एका लहान मुलाच्या शर्टाच्या खिशावर कुणीतरी नाव घातलेलं. मशीनचं नाही, हातानं, निळ्या दोऱ्यानं, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे बारीक केलेलं. दुकानाला कपड्यावर नाव चाललं नसतं. मी ब्लेड घेऊन ते उसवलं. पाच मिनिटांचं काम. आयुष्यात उसवण कितीतरी केली, पण दुसऱ्या बाईचा टाका असा कधी काढला नव्हता. खिसा सहाव्या गोधडीत लावला.

मग दुकानाच्या सूचना सुरू झाल्या. चारी बाजूंना ओळी मोजून सारख्या हव्यात. लाल चौकडी हवी, कारण फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनं कुणबी कापड रॅम्पवर नेल्यापासून तिला भाव आलेला. (कुणबी बायका ते शेतात नेसायच्या तेव्हा कुणी बघत नव्हतं, असो.) कोपऱ्यांना त्रिकोण हवेत. ही कल्पना सिद्दी बायकांची. सीमेपलीकडे यल्लापूर-हल्याळच्या बाजूला त्यांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे अनेक वंशज त्यांच्यात आहेत. त्या आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण शिवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांविना कवंदी म्हणजे नागडी. त्यांची ती फुलं मी माझ्या गोधडीला का लावावीत हे मला कळेना, पण लावली. सगळ्यांत मजेची सूचना शेवटी आली: गिऱ्हाईक विचारतं हे कपडे कुणाचे, तर पुढच्या खेपेला नवंच कापड घ्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करा.

आता मांय. सासूबाईंना आम्ही सगळे मांय म्हणायचो. मी वसरीवर गोधडी घेऊन बसले की त्या समोर सोप्यावर येऊन बसायच्या. टाका त्या घालत नसत, डोळे गेले होते. सुईत दोरा ओवून मागायच्या, उगाच हातात धरायच्या आणि बोलायच्या. कुणाचं कापड कुठल्या लग्नात घेतलं, कुणी ते कुणाकडून ढापलं, भाटातल्या माडावरून दोन भाऊ सात वर्षं कसे बोलले नाहीत. माझं निम्मं सासर मला त्या वसरीवर कळलं. मी "मग?" म्हणायची, एवढंच माझं काम. टाके आपोआप पडायचे.

त्या डिसेंबरात माझा "मग?" बंद झाला. ओळी मोजायच्या होत्या. १८ डिसेंबरला, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिन, मांय आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "बाये, आयज तो पूल उडयल्लो."

१८ डिसेंबर १९६१ ला पहाटेच पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला, भारतीय सैन्य आत येऊ नये म्हणून. मांय तेव्हा चौदा वर्षांच्या. एवढं मला माहीत होतं, पण पूर्ण हकीकत त्यांनी कधी सांगितली नव्हती. मी मान वर न करता म्हटलं, "मांय, थांबा हां जरा, ओळ मोजतेय."

त्या थांबल्या. थोडा वेळ बसून राहिल्या, मग उठून शेजारच्या काकीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तिकडेच. माझी ऑर्डर पुरी होईपर्यंत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या नाहीत. रागावल्या नव्हत्या, जेवताना नेहमीसारख्या बोलायच्या. मला वेळ नाही एवढंच त्यांनी ओळखलं होतं. नंतर मी दोनतीनदा विषय काढला तर म्हणाल्या, सांगितलं की तुला. मला नव्हतं सांगितलं. मे महिन्यात त्या गेल्या.

बाराव्याच्या दिवशी काकीनं ती हकीकत सगळ्यांना सांगितली. आवाज झाला तशी मांयच्या आजीनं पाचही पोरांवर एकच गोधडी टाकली आणि त्यांना तशीच गुंडाळून काजूच्या बागेत नेऊन बसवलं. पोरांना वाटलं आभाळ पडलं. आजी म्हणाली, आभाळ पडलं तरी वर गोधडी आहे. काकीच्या तोंडून ऐकलं. तिनं त्यात किती मीठमसाला घातला हे विचारायला मांय नव्हत्या. हल्ली काकीच्या हकिकतीत त्या बागेत बिबट्याही येऊन जातो.

दुकानानं पाच गोधड्या ठेवून घेतल्या, प्रत्येकी बाराशे रुपये दिले. नणंद नंतर तिकडे गेली होती, तेव्हा गोधडीवरची चिठ्ठी साडेचार हजारांची होती म्हणे. दोन हप्ते भरले, तेव्हा पैसे वाईट होते असं म्हणणार नाही. सहावी परत आली. वास येतो म्हणाले. पावसात वाळेना म्हणून मी काही कपडे चुलीवरच्या दांडीवर टाकले होते, त्यांचा धूर सुतात बसला होता.

तुम्ही ज्या गोधडीवरून विचारता ती नेमकी हीच सहावी. पायथ्याकडे डाव्या बाजूला फिकट निळा खिसा आहे, उजेडात धरला तर सुईची भोकं दिसतात. मी ती अक्षरं परत घालायला बघितलं, पण नाव काय होतं ते नीट आठवत नाही.

पुढच्या खेपेच्या ऑर्डरीला मी नाही म्हटलं. खाणी नंतर सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तोवर आम्ही ट्रक विकला होता. त्यावर रुसायलाही वेळ मिळाला नाही.

तर भाचीच्या मैत्रिणीला सांगते, विकत नाही मिळणार, पण हवी असेल तर जूनमध्ये ये. घरातलं जुनं सुती आण, नायलॉन नको. वरचं मांडणं मी करून देईन, टाके तू घालायचेस, चष्मा लागत असेल तर तो विसरू नकोस. चार वाजता काकी येते. बिबट्याच्या वेळी हसलीस तरी चालेल, ती थांबत नाही.